रुग्ण घरी परतल्यानंतर



आजचा विषय अनेक घरांत आहे, पण चारचौघांत कुणी बोलत नाही. कानात आवाज येणे, सारे जग आपल्या विरुद्ध आहे असे वाटणे, एकटेच बडबडणे ही स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मानसिक आजाराची लक्षणे होत. ही बाहेरची बाधा नव्हे. मांत्रिकाकडे गेलेले महिने उपचारातून वजा होतात.

या आजाराच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ५ जणांचा मृत्यू आत्महत्येने होतो. हा धोका आजाराच्या पहिल्या काही वर्षांत अधिक असतो. रुग्ण आरडाओरड करतो तेव्हा सारे घर जागे असते. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून किंवा अन्य दवाखान्यातून तो शांत होऊन परतला की आपण म्हणतो, ‘सुटलो बुवा!’ पण घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिनेच फार जपण्याचे असतात. भान येते तेव्हा शिक्षण सुटले, नोकरी गेली, लग्न मोडले हेही त्याला कळते. त्यात गावाने ‘पागल’ म्हटले, तर त्याने जगावे तरी कशासाठी?

मग आपण काय करावे? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नये. क्लोझापीन या औषधाने आत्महत्येचा धोका कमी होतो, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले; मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्ततपासणी करूनच घ्यावे लागते. आपला जिल्हा धानाचा. फवारणीची औषधे घरात उघडी ठेवू नका, कुलपात ठेवा. ‘मरावेसे वाटते का?’ असे प्रेमाने, स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे असा प्रयत्न लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते; तिला शिक्षा नव्हे, उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. रुग्णाला साखळीने बांधण्यासही याच कायद्याने मनाई आहे.

विद्यार्थी मित्रांनो, २००४ साली आलेला ‘देवराई’ हा चित्रपट जरूर पाहा. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला समजून घेणारी बहीण यांची ती कथा आहे. तशी बहीण प्रत्येक रुग्णाला लाभत नाही. तेथे शेजाऱ्याने, मित्राने, आपल्या संस्थेने उभे राहावे. घरी परतलेल्या रुग्णाला लग्नाला बोलवा, सभेत शेजारी बसवा, झेपेल ते काम द्या. औषध डॉक्टर देतील. माणसांत जागा आपणच द्यायची आहे.