घरच्या वह्या आणि महाजनांचे कर्तव्य

(भाषणाचा सारांश)



देवालयाच्या जमाखर्चाचा हिशेब चोख ठेवणे हे महाजनांचे परंपरागत कर्तव्य होय. तो हिशेब ज्या वह्यांत लिहिला, त्या वह्या वाचत्या ठेवणे हेही त्याच कर्तव्याचे अंग आहे, इतकेच मला आज निवेदन करावयाचे आहे.

याच सुरत शहरात २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम मंछाराम मेहताजी तिचे पुढारी. येथील इंग्रजी शाळेत शिक्षक असलेले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यांचे सहकारी. सभेतील चर्चेच्या नोंदी दुर्गाराम लिहून ठेवीत. १८७९ साली महीपतराम रूपराम यांनी दुर्गारामांचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात या नोंदींतील मजकूर आला. म्हणूनच तो आज आपणांस वाचावयास मिळतो. दादोबा १८८२ साली निवर्तले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ साली प्रकाशात आणले. लिहिणाऱ्याइतकेच उतरून घेणाऱ्याचेही ऋण समाजावर असते, ते असे.

कागदाचे दोन वैरी या शहराच्या चांगल्या परिचयाचे आहेत. १८३७ च्या आगीत येथील हजारो घरे भस्मसात झाली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घराघरांत शिरले. तिसरा वैरी मात्र आपल्याच घरात आहे, आणि तो म्हणजे अज्ञान. आजोबांची मोडी नातवास वाचता येत नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून अक्षरे तिला टांगतात, शब्द तोडीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहीत. गुजराती पेढ्यांच्या लिखाणात तर कानामात्राही गाळीत. ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची कथा आपण ऐकलीच असेल! म्हणून मोडी जाणणारा आणि जुनी गुजराती जाणणारा यांनी एकत्र बसणे इष्ट.

वहीचे छायाचित्र घेतले म्हणजे ती वाचली असे नव्हे. तिचे बालबोधीत लिप्यंतर झाले पाहिजे. त्याचे नियम थोडे आहेत. मूळ ओळ तशीच उतरावी, शुद्धलेखन सुधारू नये. न लागलेले अक्षर कल्पनेने भरू नये, तेथे टिंबे द्यावीत. शक व तिथी मुळातल्याप्रमाणेच ठेवावी. एकाने उतरलेले दुसऱ्याने मुळाशी ताडून पाहावे.

यात एक मोह मोठा आहे. पूर्वजांचे कर्ज, भाऊबंदांतील तंटा, कोणा घरावरील बहिष्कार असे काही आढळले की ते पान गाळावेसे वाटते. छापावे की नाही, हे वहीच्या मालकाने ठरवावे. परंतु नकल पूर्णच झाली पाहिजे. हिशेबातील अडचणीची रक्कम गाळणाऱ्या कारभाऱ्यास आपण काय म्हणतो, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

हे काम वेतनाचे नव्हे, सेवेचे आहे. एका घराने आठवड्यास एक पान उतरले तर वर्षास ५२ पाने होतात. दहा घरांची ५२०. ज्यांच्या माळ्यावर दप्तर आहे त्यांनी ते खाली काढावे, ज्यांना मोडी येते त्यांनी चार तरुणांना शिकवावे. दप्तर आहे आणि वाचणारेही अद्याप आहेत, तोवरच हे कार्य होण्यासारखे आहे.