वाळूवरील पाऊलवाट

अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्याची भूमि बहुतांशीं वाळूची. तेथील घरांपुढून जाणारी काँक्रीटची पाऊलवाट सामान्यतः अवघी ४ इंच जाड असते. तरी नीट केली तर ती अनेक वर्षें टिकते. वाळू म्हणजे वाईट पाया, हा समज सर्वस्वीं खरा नव्हे. तिच्यांत पाणी सांचत नाहीं, आणि चिकणमातीसारखी ती फुगत वा आकसत नाहीं. तिचें वैर वाहत्या पाण्याशीं. पन्हळीचें पाणी कडेला पडूं लागलें कीं खालची वाळू निसटते, फरशी अधांतरीं राहते, आणि एके दिवशीं तडकून खचते. मग अर्ध्या इंचाच्या उंचवट्यालाहि एखादा वृद्ध ठेचकाळून पडतो.

अशा वेळीं वरून गिलावा करणें व्यर्थ. सांध्यापासून सांध्यापर्यंतचा अख्खा तुकडा काढावा, पाण्याची वाट आधीं वळवावी, मग वाळू भिजवून धुम्मसानें चोपावी. कोरडी वाळू काँक्रीटांतील पाणी शोषून घेते. हें जुने कारागीरहि कधीं कधीं विसरतात! दर ५ फुटांवर १ इंच खोल सांधा पाडावा, आणि ओल्या गोणपाटाखालीं काँक्रीट ७ दिवस राहूं द्यावें.