ठिबकची भाषा आपली करू या

(जव्हार-मोखाड्याच्या शेतकरी बायांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी नळ्या, तोट्या आणि गाळणीबद्दल बोलणार आहे. बायांच्या चळवळीत हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर मी एवढंच विचारते, की रोपांना पाणी कोण घालतं? हंडा कुणाच्या डोक्यावर असतो? आणि त्याच रोपांसाठी ठिबक घ्यायचं ठरलं की दुकानात बोलायला कोण जातं? कामाच्या जागी आपण आणि बोलण्याच्या जागी दुसरं कुणी, असं का होतं ते आज बघू.

आपल्याकडे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. डोंगरउतारावरून तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. भात, नागली, वरई निघाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. ज्यांनी आंबा-काजूची वाडी केली, मोगरा लावला, त्यांतल्या काहींना गावात राहता आलं. पण मोगऱ्याचा बहर ऐन उन्हाळ्यातला, पाणी आटत असतानाचा. पहाटे उठून कळ्या आपणच खुडतो. म्हणून थोड्या पाण्यात झाड जगवणारं ठिबक आपल्या कामाचं आहे.

एक हिशेब करा. मोगऱ्याची शंभर रोपं, प्रत्येकाला चार लिटर, म्हणजे ४०० लिटर पाणी. पंधरा लिटरच्या हंड्याने सत्तावीस हंडे. एका खेपेला दोन हंडे आणले तरी चौदा खेपा. हे श्रम कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत.

आता पाण्याच्या वाटेने चालत जाऊ. टाकी किंवा पंपापासून निघते ती मुख्य नळी, तिला मेनलाईन म्हणतात. तिची फांदी ती सबमेन. सबमेनमधून ओळीओळीने निघणारी बारीक काळी नळी म्हणजे लॅटरल, बहुतेक ठिकाणी ती १६ मिलिमीटरची असते. लॅटरलवर झाडाच्या बुडाशी थेंब सोडते ती तोटी, म्हणजे ड्रीपर. ड्रीपर बाहेरून टोचून बसवला तर ऑनलाईन, आणि नळीच्या आतच ठरावीक अंतरावर बसवून आला तर इनलाईन. लांब-लांब लावलेल्या आंब्या-काजूला ऑनलाईन बरं, जवळजवळच्या भाजीला इनलाईन.

ड्रीपरचं भोक बारीक, म्हणून गाळणी हा ठिबकचा जीव आहे. ओढ्याच्या, शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं, त्याला वाळूची गाळणी लागते. बोअरमधून रेती येत असेल तर हायड्रोसायक्लोन, तो पाणी गरगर फिरवून रेती खाली बसवतो. त्यापुढे जाळीची किंवा चकत्यांची गाळणी हवीच. गाळणीच्या आधी आणि नंतर दाब दाखवणारं घड्याळ असतं. दोन्हींतला फरक वाढला, की गाळणी तुंबली असं समजा आणि धुवा. व्हेंचुरी म्हणजे पाण्यात विरघळणारं खत ओढून घेणारा तुकडा. खत सोडून झालं की थोडा वेळ साधं पाणी चालवायचं. लॅटरलच्या शेवटचं झाकण म्हणजे एंड कॅप. ते अधूनमधून उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं.

दाब म्हणजे पाण्याचा जोर. साधारण एक किलो दाबावर ठिबक नीट चालतं. टाकी दहा मीटर उंच असली तर एक किलो दाब मिळतो. आपल्या उतारावर टाकी वरच्या अंगाला ठेवली तर यातला बराच दाब विजेशिवाय मिळू शकतो. पण उतारावर साधे ड्रीपर वर कमी आणि खाली जास्त पाणी देतात. म्हणून लॅटरल उताराला आडवी, सपाटीच्या रेषेत टाकायची. तेही जमत नसेल तर पी.सी. ड्रीपर मागायचा, तो ठरलेल्या मर्यादेत दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देतो.

ड्रीपरच्या नावापुढे ४ एल.पी.एच. लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तासाला चार लिटर. तो खरा आहे का, हे घरच्या भांड्याने तपासता येतं. ओळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भांडं ठेवा. पंधरा मिनिटांत सुमारे एक लिटर जमायला हवं. शेवटी बरंच कमी भरलं तर कुठेतरी तुंबलंय, गळतंय, किंवा दुकानदाराने आखणी चुकवली आहे. नळीवर आय.एस.आय.चं चिन्ह आणि क्रमांक छापलेला असतो. लॅटरलसाठी १२७८६, इनलाईन नळीसाठी १३४८८. बिलावर 'ठिबक संच' एवढंच लिहून घेऊ नका. किती मीटर लॅटरल, किती ड्रीपर, कुठली गाळणी, हे वेगवेगळं लिहून मागा. ज्या बाईला हे शब्द ठाऊक आहेत, तिला 'तुम्हाला नाही कळायचं, मालकांना पाठवा' असं म्हणणं अवघड जातं.

आता कागदाकडे येऊ. ठिबकला अनुदान आहे. केंद्राचा आणि राज्याचा वाटा धरून पाच एकरापर्यंतच्या शेतकऱ्याला मंजूर खर्चाच्या ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के. मंजूर खर्च म्हणजे सरकारने ठरवलेला दर, दुकानाचं बिल नव्हे. अर्ज महाडीबीटीवर करायचा, आणि त्यासाठी जमिनीच्या नोंदीत नाव लागतं. नेमकं इथेच आपलं पाऊल अडतं. सातबारावर नाव त्याचं, म्हणून अर्ज त्याचा, म्हणून पैसेही त्याच्या खात्यात. राबणारी मात्र सरकारच्या लेखी शेतकरीच नाही. नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सातबारावर लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना महाराष्ट्रात १९९२ पासून आहे. २००६ च्या वन हक्क कायद्यात तर स्पष्ट लिहिलं आहे, की लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदला जाईल. आपल्या दाव्याच्या कागदावर दोघांची नावं आहेत का, ते प्रत्येकीने बघून घ्या. आणि अनुदानासाठी त्या कागदावर काय चालतं, हे तालुका कृषी कार्यालयात गटाने मिळून जाऊन विचारा. एकटीला टाळतात, दहाजणींना टाळता येत नाही.

ठिबक पाणी वाचवतं, पाणी निर्माण करत नाही. झरा, विहीर, शेततळं टिकलं नाही तर नळ्या नुसत्या पडून राहतील. दुसरं, हंड्याच्या खेपा गेल्या आणि गाळणी धुणं, उंदराने कुरतडलेली नळी जोडणं हे सगळं आपल्याच माथी आलं, तर ओझ्याचं फक्त रूप बदललं. म्हणून ही कामं घरात वाटून घ्या. वाचलेलं पाणी कशाला द्यायचं, भाजीला की मोगऱ्याला, आणि कळ्यांचे पैसे कुणाच्या हातात यायचे, हेही मोकळेपणाने बोलायला हवं.

प्रत्येक पाड्यावर निदान दोघीजणींनी हे सगळं शिकून घ्यावं, बाकीच्यांना शिकवावं. शब्द इंग्रजी आहेत म्हणून बिचकू नका. टाकी, लॅटरल, गाळणी हाताळणारे हात आपले आहेत, तर त्यांची नावंही आपल्या तोंडी असली पाहिजेत आणि कागदावरचं नावही आपलं असलं पाहिजे.