मॉरिशस बेटावर आठ दिवस



या व्यासपीठावरून आपण आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने ऐकली आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जिनिंगच्या आवारात कापसाची बोंद्री उचलता उचलता संध्याकाळी वाचनालयात जे पदरी पडले, तेच आमचे शिक्षण. चालकांनी कामगार चळवळीवर बोलायला सांगितले असते तर आमची तयारी होती. पण त्यांनी प्रवासवर्णन मागितले. यवतमाळच्या या उन्हाळ्यात श्रोत्यांना थोडा समुद्राचा वारा मिळावा, असा त्यांचा हेतू असावा. तो वारा आम्ही देऊ. त्याबरोबर थोडा घामाचाही वास येईल, त्याला आमचा इलाज नाही.

आम्ही आणि परदेशप्रवास म्हटल्यावर कित्येकांनी भुवया उंचावल्या. खुलासा असा की, आम्हा पाच-सहा कुटुंबांची चार वर्षे भिशी चालली होती. त्यांत दोन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमन आणि एक छापखान्यातले जुळारी होते. त्या पैशांतून कोणी पत्रे बदलले, कोणी मुलीचे लग्न केले. उरलेले आम्ही गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मॉरिशसला गेलो. मॉरिशसच का? जुळारीबुवांनी कुठेसे वाचले होते की, त्या बेटावर गणेशचतुर्थीची सरकारी सुटी असते. तेवढ्यावर ठरले!

मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तासांत आपण तेथे उतरतो. बेट लहान आहे. लांबी ६५ किलोमीटर, रुंदी ४५ आणि क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. आपल्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यात अशी सात बेटे मावतील. पण एवढ्याशा जागेत निसर्गाने काय काय भरून ठेवले आहे! सभोवती प्रवाळाच्या खडकांचे कडे आहे. मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. किनाऱ्याशी ते काचेसारखे नितळ, थोडे पुढे पोपटी आणि कड्यापलीकडे एकदम गर्द निळे.

पश्चिमेस फ्लिक-आँ-फ्लाक नावाचा किनारा आहे. पांढरी वाळू आणि तिच्यामागे खडशेरणीसारख्या झाडांची रांग. पहाटे आम्ही तेथे फिरायला गेलो, तेव्हा सारी वाळू फणीने विंचरल्यासारखी दिसत होती. आमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या पत्नीने, उभा जन्म कापूस वेचला आहे. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. आम्हाला वाटले, आता त्या सूर्योदयाबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारले, "एवढी वाळू रोज झाडते कोन जी?"

बंधुभगिनींनो, पुढचे सात दिवस आम्ही जे जे पाहिले, ते या एका प्रश्नाच्या उजेडात पाहिले.

बेटाचा मध्य उंच पठाराचा आहे. खाली ऊन आणि वर गेले की धुके व पाऊस, असा प्रकार. क्यूरपीप गावाशी एका निवलेल्या ज्वालामुखीचे विवर आहे. बोआ शेरीला चहाचे मळे आहेत. शामारेल येथे सात रंगांची उघडी माती पाहायला मिळते. नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९९४ साली स्थापन झाले. बेटाचे सर्वांत उंच शिखर, ८२८ मीटरचे, तेथेच आहे.

डोडो पक्ष्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तो याच बेटावरचा. उडता न येणारा, माणसाला न भिणारा. डच लोक आले, त्यांच्याबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडे आली आणि सतराव्या शतकातच डोडो संपला. त्याच्यामागून आबनुसाची रानेही गेली. आधी लाकडासाठी तोडली, मग उसासाठी. आज चांगल्या स्थितीतले मूळ रान दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. पण गोष्ट येथे संपत नाही. ससाण्याच्या कुळातला एक लहान शिकारी पक्षी तेथे आहे. १९७४ साली त्या जातीचे अवघे चार पक्षी रानात उरल्याचे ठाऊक होते. गुलाबी पारव्यांची संख्या १९९०च्या सुमारास दहावर आली होती. माणसांनी अंडी उबवली, पिल्ले भरवली, उंदरांचा बंदोबस्त केला आणि आज दोन्ही जाती शेकड्यांनी आहेत. चार उरले असता ज्यांनी हात टेकले नाहीत, त्या माणसांपुढे आम्ही मनोमन हात जोडले. संघटना बांधणाऱ्याला हे उदाहरण जन्मभर पुरेल.

आग्नेयेच्या किनाऱ्यापुढे २६ हेक्टरांचे एग्रेत बेट आहे. जुन्या रानाचा तो जपून ठेवलेला तुकडा. तेथे मोठमोठी कासवे फिरतात. २०२० सालच्या जुलैत याच भागात वाकाशिओ नावाचे जहाज खडकावर चढले आणि ऑगस्टात सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा हजारो लोक किनाऱ्यावर धावले. त्यांनी उसाचे पाचट पोत्यांत आणि जाळ्यांत भरले, त्याचे लांबलचक लोड शिवले आणि ते पाण्यावर टाकून तेल अडवले. ज्या उसाने रान खाल्ले, त्याच्याच पाचटाने समुद्र राखायला मदत केली. हे लोड शिवणारे हात कोणाचे? ते पाहण्यासाठी आता आपण मागे, उसाच्या शेतात जाऊ.

किनारा सोडून आत शिरले की दुतर्फा ऊस. आणि उसात जागोजाग काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, देवळाच्या शिखरासारखे रचलेले. ही सारी जमीन ज्वालामुखीच्या दगडांची. ते दगड हातांनी वेचून, डोक्यावरून वाहून हे ढीग झाले आहेत. मजूर आणताना दलाल म्हणत, त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी आठवण तेथे अजून सांगतात. दगड उलटून उलटून सोने निघाले खरे, पण ते मळेवाल्याच्या घरी गेले.

इंग्रजांनी तेथे १८३५ साली गुलामगिरी बंद केली. नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उभा कडा आहे. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. मुक्तीची बातमी सांगायला शिपाई आले, ते धरायलाच आले असे समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तेथे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आज त्या कड्याच्या पायथ्याशी उत्तमोत्तम हॉटेले आहेत.

गुलाम सुटणार हे दिसताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुईला उतरवले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे अशी गेली. बहुतेक बिहारकडची, काही मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून आपली मराठी माणसेही. ही मुख्यतः कोकणातली.

त्यांचे वंशज आम्हाला कास्काव्हेल गावी भेटले. एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसले होते. आम्ही नमस्कार करून म्हटले, "आजोबा, आम्ही महाराष्ट्रातून आलो."

"महाराष्ट्रातून? रत्नागिरी?"

"नाही, यवतमाळ."

"तिथे दर्या आहे?"

"नाही आजोबा. कापूस आहे."

ते मनापासून हसले. घरात त्यांची नातवंडे क्रिओल बोलतात. आजोबांचे मराठीही अडखळत येते. पण गणपतीत कोकणातल्या जाखडीचा नाच तेथे झाकरी म्हणून अजून होतो आणि शाळेत मराठी शिकता येते. २०२३ साली मोका येथे शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. आजोबांचे आडनाव ऐकून आम्ही चकित झालो, कारण ते आडनाव नव्हेच, कोणाचे तरी पाळण्यातले नाव! ते म्हणाले, "कारकुनाने माझ्या पणज्याला नाव विचारले. त्याने सांगितले. तेच आमचे आडनाव." मग हळूच पुढे म्हणाले, "पण लिहिले तर खरे. कागद आहे."

तो कागद काय, हे दुसऱ्या दिवशी कळले. पोर्ट लुई बंदरात १८४९ साली मजूर उतरवण्यासाठी आगर बांधले. त्याला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली जागतिक वारशात त्याची गणना झाली. धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या अवघ्या सोळा. त्या चढून आलेल्या माणसाला क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, गाव, जहाज, मळा, हे सारे वहीत चढे. पुढे पुढे छायाचित्रही घेत. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत आणि आज वंशज तेथे जाऊन आपल्या पूर्वजाची नोंद शोधू शकतो.

ही नोंद काही दयाबुद्धीने केलेली नव्हती. मजूर पळाला तर धरता यावा, म्हणून ती होती. मळ्यावर 'डबल कट' नावाची रीत होती. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापायची. म्हणजे ताप आला तर ताप फुकट आणि वर दंड! गांधीजी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना तेथे थांबले होते. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कामांत भाग घ्या, असे त्यांनी लोकांना सांगितले. त्यांच्याच सूचनेवरून १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले, मजुरांचे खटले त्यांनी लढवले आणि १९०९ च्या शाही आयोगापुढे त्यांची बाजू मांडली. डबल कट पुढे गेला. १९३६ साली डॉ. मॉरिस क्यूरे यांनी मजूर पक्ष काढला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे संपकरी मजुरांवर गोळीबार झाला आणि चौघांचा बळी गेला. त्यांत अंजलै कूपेन ही गर्भवती बाई होती. आज तेथील क्रीडांगणाला तिचे नाव आहे. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तो या वाटेने.

डबल कट हा शब्द ऐकला आणि आमच्या अंगावर काटा आला. तो तेथल्या इतिहासामुळे नव्हे, तर आपल्या पुसदकडच्या एका तांड्यामुळे.

ऊसतोडीला आपल्या जिल्ह्यातूनही माणसे जातात, हे आपणांस ठाऊक आहे. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड. काही वर्षांपूर्वी असेच एक जोडपे आमच्याकडे आले. फडावर त्यांच्या मुलाला ताप भरला. आई चार दिवस त्याच्यापाशी बसली आणि एक हात थांबला म्हणून अख्खा कोयता बंद धरला. चार दिवसांची तोड गेली, वर चार दिवसांचा खाडा लागला. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही. आम्ही मध्ये पडलो. कारखान्याने सांगितले, मुकादमाला विचारा. मुकादमाने सांगितले, कारखान्याला विचारा. अधिकाऱ्याने आम्हाला विचारले, "पुरावा?" पुरावा नव्हता. हिशेबाची वही एकच, आणि ती मुकादमाच्या खिशात. आम्ही हरलो. दसऱ्यानंतर ते जोडपे त्याच मुकादमाबरोबर पुन्हा गेले.

तेव्हा विचार करा. गोऱ्या मळेवाल्यांच्या राज्यात दीडशे वर्षांपूर्वी उतरलेल्या मजुराच्या पणतूला त्याचे नाव, गाव आणि जहाज सापडते. आपल्या स्वतंत्र देशात गेल्या हंगामात तोडीला गेलेल्या बाईने किती उचल घेतली, किती टन तोडले, किती खाडे पडले, हे तिच्या हातातल्या कागदावर सापडेल का? अलीकडे ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रे देण्याचे काम निघाले आहे. ते चांगलेच आहे. पण ओळखपत्र म्हणजे हिशेब नव्हे.

कोणी म्हणेल, मॉरिशसमध्ये तरी सारे संपले का? नाही. आज तेथे कापडाच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि आपल्या देशातूनही कराराने माणसे येतात. फ्लिक-आँ-फ्लाकला पाचव्या दिवशी आम्ही मुद्दाम अंधारात उठून गेलो. वाळू झाडणारा एक तरुण होता. आमच्या मंडळींनी त्याला हिंदीत गाव विचारले. तो बांगलादेशचा निघाला. बोलणे फारसे जुळले नाही. त्यांनी पिशवीतली एक चकली त्याच्या हातावर ठेवली. प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

बंधुभगिनींनो, आपण जरूर प्रवास करा. समुद्र पाहा, डोंगर पाहा, तो गुलाबी पारवा पाहा. टिपेश्वरचे आपले रान तर जवळच आहे, तेही पाहा. मात्र जेथे जाल तेथे हे झाडते कोण, एवढे एकदा विचारा.

आणि एक विनंती. या सभेत लिहिता-वाचता येणारे पुष्कळ जण आहेत. आम्ही परतलो त्या आठवड्यात तांड्यावरून ट्रक भरून निघत होते. यंदा दसऱ्याच्या आधी आम्ही प्रत्येक तांड्यासाठी एक वही करणार आहोत. कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, उचल किती. एक प्रत मजुराकडे आणि एक गावात. या कामाला मोर्चा लागत नाही, वर्गणीही नको. रविवारचे दोन तास आणि स्वच्छ अक्षर लागते. ज्यांना हे जमेल त्यांनी सभेनंतर येथेच थांबावे. त्या जुळारीबुवांनी वह्या आखून आणल्या आहेत. ते दाराशी उभे आहेत.