माळेला सोबत लागते



दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, टाळकरी, मृदंगमणी, चुलीपुढच्या आयाबाया, सगळ्यांच्या चरणी दंडवत. आम्ही चौथी शिकलेले. शेती करतो, पांडुरंगाच्या कृपेने कीर्तन करतो. आज मात्र अभंग घेऊन उभे नाही. आज दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगविषयी बोलायचं आहे. मंडळी म्हणतील, सप्त्यात हा कसला विषय? पण ज्या घरात हा विषय रोज रात्री दार वाजवतो, त्या घराला विचारा.

आपल्या शिक्रापुरात दारू पूर्वीही होती. पण हातभट्टीसाठी आडबाजूला, लपून जावं लागायचं. आता नगर रोड वाढला, सणसवाडी-रांजणगावला कारखाने आले, जमिनीला भाव आला. बाटलीही रस्त्याच्या कडेला पाटी लावून बसली.

आपली रीत अशी, की माळ घाल, दारू सुटेल. पुष्कळांची सुटली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण काहींची सुटत नाही. आषाढीला घातलेली माळ दिवाळीला खुंटीवर जाते. मग गाव म्हणतं, "ह्यानं माळ बाटवली." तो लाजेने देवळाची पायरी चढत नाही, आणि देवळाची पायरी सुटली की गुत्त्याचीच उरते. माऊली, माळ खोटी नाही आणि तो माणूसही खोटा नाही. दारूची लत हा आजार आहे. साखरेचा आजार असलेल्याने माळ घातली म्हणून आपण त्याची गोळी बंद करतो का?

आता ही मीटिंग काय आहे ते सांगतो. तिचं नाव अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे नाव न सांगणारे व्यसनी. लोक 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी ती सुरू झाली. बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस कामासाठी तिथं गेला होता. त्याने दारू सोडून काही महिनेच झाले होते. काम फसलं आणि पिण्याची ओढ लागली. तेव्हा त्याने फोन करून करून आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉक्टर, बॉब स्मिथ. दोघं तासन्‌तास बोलले. एकमेकांना सांभाळता सांभाळता दोघांचीही सुटली. दुसऱ्याला हात दिला तर आपला तोल राहतो, हीच त्या मीटिंगची मुळाक्षरं.

वारकऱ्याला हे नवं नाही. एकटा निघालेला दिवेघाटात बसून राहतो. दिंडीत असला की पुढचा टाळ त्याला ओढतो आणि मागचा पाय त्याला ढकलतो. तिथंही म्हणतात, जन्मभराचं बोलू नको, आजचा दिवस पिऊ नको. आपलंही तेच. पंढरी लांब असते, आजचा मुक्काम जवळ असतो.

तिथं फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. कुणी जात, पगार विचारत नाही. नुसतं पहिलं नाव सांगायचं. नव्या माणसाला बोलायचं नसेल तर गप्प बसून ऐकावं. एकेक जण आपलीच हकिगत सांगतो, दुसऱ्याला उपदेश करत नाही. आम्हा कीर्तनकारांना हे अवघडच! काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, काही सगळ्यांना खुल्या. जागा कधी शाळेची, कधी चर्चची असते. त्याला बिचकू नये. मीटिंग कुठल्या एका धर्माची नाही, देव ज्याचा त्याने मानावा. बायको, आई, मुलं यांच्यासाठी अल-अनॉन नावाची वेगळी मीटिंग असते. घरच्यांनी तिथं जावं, मग तो जावो न जावो.

शोधायची कशी? आपल्या नगर रोडनेच पुण्याकडे गेलं की येरवडा. तिथं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने १९८६ साली ते उभं केलं. तिथं उपचार होतात, आणि पुढं पाठपुराव्याच्या मीटिंगाही होतात. पुण्यात एएच्या मीटिंगा कुठं भरतात तेही तिथं विचारता येईल. सरकारचा १४४४६ हा फुकट फोन आहे. काही मीटिंगा मोबाईलवरही भरतात. पहिल्या मीटिंगला मन लागलं नाही तर दुसरीकडे जाऊन बघावं.

एक गोष्ट गाठीला बांधा. रोज भरपूर पिणाऱ्याने वारीसाठी एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात कापतात, फिट येते, नाही ते दिसायला लागतं. लोक म्हणतात बाहेरची बाधा. बाधा नाही ती, जीवावरचं दुखणं आहे. अंगारा लावत बसू नका, दवाखाना गाठा. आणि सोडायची तर आधी डॉक्टरला दाखवून सोडा.

आमच्या ओळखीचा एक गडी दोनदा मीटिंगच्या दारातून माघारी आला. तिसऱ्यांदा दिंडीतला एक जण एस.टी.त त्याच्याशेजारी बसून गेला आणि बाहेर ओट्यावर थांबला. तेव्हा तो आत गेला. मध्ये एकदा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला, कुणी हिणवलं नाही. आज तो या मांडवात आहे. माना वळवू नका माऊली. आपण शोधू लागलो की उद्याचा दुसरा येणार नाही.

शंभराव्या वर्षी दिंडीकडे एवढंच मागणं. कोण मीटिंगला जातो याची पारावर चर्चा नको. माळ उतरलेल्याला पंगतीतून उठवायचं नाही. आणि कुणी जायला तयार झाला तर त्याच्याबरोबर एकाने जायचं, तिकीट दिंडीने काढायचं. टाळ-पखवाजाला आपण वर्गणी काढतो. माणसाला चार तिकिटं जड नाहीत.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!