किनारा नसलेला समुद्र



आपल्या भाषेत पाण्याला ‘जीवन’ असेच नाव आहे. त्यामुळे एखाद्या दूरच्या ग्रहावर पाणी असावे असे वाचले, की आपण मनाने लगेच तेथे वस्ती करून मोकळे होतो. ज्या ग्रहावर पाण्यावाचून दुसरे काहीच दिसत नाही, तेथे जीवन नांदेल काय, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

अशा ग्रहाची कल्पना केवळ कादंबरीकारांनी केली असे नाही. शुक्र सदैव ढगांनी झाकलेला. १९१८ साली स्वान्ते अर्‍हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्या ढगांखाली दमट दलदली कल्पिल्या. पुढे १९५५ च्या सुमारास व्हिपल आणि मेंझेल या अमेरिकन ज्योतिर्विदांनी तर तेथे ग्रहभर महासागर असावा, असे प्रतिपादन केले. १९६२ च्या डिसेंबरात मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले आणि त्या कल्पित महासागराची वाफ झाली! तेथील पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आहे. त्यात शिसेही वितळेल.

तेव्हा कल्पनेचा ग्रह घ्यायचाच, तर आपल्या पृथ्वीवरूनच घडवू या. सगळे डोंगर खणून सागरतळाचे खळगे भरले आणि पृथ्वी चेंडूसारखी गुळगुळीत केली, तर आज आहे तेवढेच पाणी सर्वत्र अडीच किलोमीटरांहून अधिक खोल उभे राहील. सूर्य तोच, अंतरही तेच. या ग्रहाचा भूगोल एका वाक्यात संपतो: किनारा नाही, नदी नाही, बेट नाही. हवामान मात्र इतके सोपे नाही.

विषुववृत्तापाशी तापलेली हवा वर चढेल आणि तिसाव्या अक्षांशाच्या आसपास खाली उतरेल. व्यापारी वारे व पश्चिमी वारे येथेही असतील. आज अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात वार्‍याला जमीन आडवी येत नाही, म्हणून तेथील लाटा दर्यावर्द्यांना धडकी भरवतात. आपल्या ग्रहावर हाच प्रकार दोन्ही गोलार्धांत होईल. चक्रीवादळाचे खाद्य म्हणजे उबदार पाण्याची वाफ. किनारा ओलांडून ते आत शिरले की उपाशी पडते. येथे थंड पाण्यात शिरेपर्यंत त्याला अडवणारे कोणी नाही.

ऋतू मात्र सौम्य होतील. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. मुंबईचा उन्हाळा व नागपूरचा उन्हाळा ज्याने सोसला, त्याला हे सांगायला नको. पण याच भेदावर आपला मोसमी पाऊस उभा आहे, हे एडमंड हॅलीने १६८६ सालीच मांडले होते. जमीन लवकर तापते, म्हणून समुद्रावरचा वारा तिच्याकडे धावतो. पुढे सह्याद्री त्याला अडवतो आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जेथे जमीनही नाही आणि डोंगरही नाही, तेथे आपल्या ओळखीचा पावसाळा कसा येणार?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन खडक झिजवते. नद्या तो माल समुद्रात नेतात, तेथे त्याचा चुनखडक होतो आणि ज्वालामुखी तोच वायू कालांतराने हवेत परत सोडतात. ग्रह तापला तर ही झीज वाढते आणि उष्णता धरून ठेवणारा हा वायू घटतो. ग्रह निवला तर उलट होते. लक्षावधी वर्षे पृथ्वीला अति ताप आणि अति गारठा यांपासून सांभाळणारी ही यंत्रणा आहे. सगळे खडक पाण्याखाली गेले, की तिचा मोठा आधार तुटतो. शिवाय फॉस्फरससारखे पोषक द्रव्यही समुद्राला मुख्यतः जमिनीची झीजच पुरवते. पाणी शंभर किलोमीटरांहून फार खोल असेल, तर दाबानेच तळाशी बर्फ होईल आणि पाण्याचा खडकाशी असलेला संबंधच तुटेल.

म्हणून १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाविषयी उतावीळ होऊ नये. २०२३ साली वेब दुर्बिणीला त्याच्या वातावरणात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. तेथे महासागर आहे की नाही, यावर मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे. आणि असला, तरी आपला पुढला प्रश्न उरतोच.

अशा ग्रहावर जीव असणारच नाही, असे मी म्हणत नाही; समुद्रतळाच्या उष्ण झर्‍यांपाशी अंधारातही जीव नांदतात. माझे म्हणणे एवढेच, की आपल्याला जगवले ते केवळ पाण्याने नव्हे. पाणी आणि माती यांच्या अखंड देवघेवीने जगवले. पावसाळ्यात गढूळ नदी समुद्राकडे निघाली, की माती वाया चालली असे आपण म्हणतो. शेतकर्‍याच्या हिशेबाने ते खरेच आहे. परंतु पृथ्वीच्या हिशेबात डोंगराचे हे समुद्राला चाललेले देणे आहे, आणि त्या देण्यावर आपण सारे जगतो.