सात घरांचे गाव



इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर, वाए रेबो हे गाव आहे. गावापर्यंत वाहन पोहोचत नाही. कॉफीची पोती माणसेच डोंगर उतरवितात. तेथील शंकूच्या आकाराच्या, गवताने शाकारलेल्या पाच मजली घरांची रचना आम्हांला मोठी मार्मिक वाटते. एक मजला बियाण्यासाठी, एक दुष्काळाच्या बेगमीसाठी, आणि सर्वांत वरचा पूर्वजांच्या नैवेद्यासाठी! पडलेली घरे गावकऱ्यांनी पुन्हा उभारली. २०१२ साली युनेस्कोने त्या कार्याचा गौरव केला. परंतु शाळा डोंगराखाली आहे. मुले तिकडेच राहून शिकतात. आम्हांला विचाराल, तर छप्पर शाकारता येते. बियाणे जपणाऱ्या या गावाकडे मुले परततील काय, हा खरा प्रश्न आहे.